दिवाळीतला पाऊस, दोन बागा आणि टाकीतला साठा: दिंडोरीच्या एका वाइन कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या एका कुटुंबाचं आहे. द्राक्ष त्यांचं, वाइनरी त्यांची आणि बाटलीवरचं लेबलही त्यांचंच. कुटुंबाच्या विनंतीवरून नावं, गाव आणि लेबल दिलेलं नाही. क्षेत्राचे आकडे गोळाबेरजेत आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी त्यांच्या छाटणीच्या आणि फवारणीच्या वह्या पाहिल्या आणि घरातल्या चौघांशी वेगवेगळं बोललो. 2019 च्या दिवाळीतल्या चार-पाच दिवसांबद्दल प्रत्येकाची आठवण थोडी वेगळी आहे. जिथे ती जुळत नाही, तिथे मी वही प्रमाण मानली आहे.

शाश्वत शेतीवर आपल्याकडे बरंच लिहिलं जातं, पण ते बहुतेक चांगल्या हंगामाबद्दल असतं. केवडा हा पानं आणि घड नासवणारा बुरशीचा रोग बागेत शिरल्यावर त्याच शेतीचं काय होतं, हे फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

पार्श्वभूमी

कुटुंबाची जमीन सुमारे 14 एकर. वरच्या अंगाला मुरमाड उतार, तिथे 5 एकर शिराझ, लाल वाइनचं द्राक्ष. खाली नाल्याच्या बाजूला काळी भारी जमीन, तिथे 4 एकर शेनिन ब्लांक, पांढऱ्या वाइनचं. उरलेल्यात 3 एकर थॉमसन आणि गोठ्यापुरता चारा. थॉमसन खाण्याचं द्राक्ष, ते व्यापाऱ्याला जातं आणि घरखर्च बराचसा त्यावर चालतो. पाणी धरणाच्या कालव्याचं, पाणी वापर संस्थेमार्फत. शिवाय एक शेततळं आहे.

घरात निर्णय घेणारे चार. अण्णा, वय सत्तरीच्या पुढे. थोरला मुलगा विक्री आणि बँक बघतो. धाकटा बाग आणि ट्रॅक्टर सांभाळतो. थोरल्याची मुलगी वाइनचं शिक्षण घेऊन परत आली, तळघरातल्या टाक्या तिच्या ताब्यात. पाचव्या थोरल्या सूनबाई. त्या मजुरांच्या टोळ्या, हजेरी आणि उचल सांभाळतात. निर्णयाच्या बैठकीत त्यांना तेव्हा कोणी बोलवत नव्हतं, आणि या प्रकरणात ते महागात पडलं.

महाराष्ट्राचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण 2001 मध्ये आलं. त्यानंतर नाशिकच्या अनेक शेतकऱ्यांनी करारावर वाइनची द्राक्षं लावली. या कुटुंबानेही लावली. 2008 ची मंदी, मुंबईवरचा हल्ला आणि गरजेपेक्षा जास्त झालेली लागवड यांचा फटका एकदमच बसला आणि पुढच्या एक-दोन हंगामांत वाइनरींनी माल उचलणं कमी केलं. यांचा करार ज्या वाइनरीशी होता, तिनेही हात आखडता घेतला. शेजारच्या बऱ्याच लोकांनी बागा उपटल्या. अण्णांनी उपटली नाही. मिळेल त्या भावात माल देत राहिले आणि काही वर्षांनी कर्ज काढून स्वतःची छोटी वाइनरी उभी केली. 'माल दुसऱ्याच्या दारात सोडून वाट बघायची नाही' हा त्यांचा पक्का निश्चय त्या काळातला.

रसायनं कमी करायला सुरुवात झाली ती तीन कारणांनी. शेनिनच्या बागेत खोडाजवळ माती उकरली तर गांडूळ सापडेना. मुलगी शिकून आली ती माती आणि वाइन यांचा संबंध घेऊनच आली. आणि तिसरं कारण मला सगळ्यांत खरं वाटतं: ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे, म्हणजे काडीवरचे अंकुर, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात, ती लावताना त्यांच्या कायमच्या गड्याचे दोन्ही हात भाजले. अण्णांनी त्याच वर्षी सांगितलं की वाइनच्या बागेत पेस्टिंग बंद.

मग एकेक गोष्ट बदलत गेली. तणनाशक थांबलं, ओळींमध्ये ताग आणि धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं आली, खोडाशी उसाच्या पाचटाचं आच्छादन आलं. वाइनरीतून निघणारा चोथा शेणासोबत कुजवून खत म्हणून बागेत जाऊ लागला. भुरी या पांढऱ्या पावडरीसारख्या बुरशीरोगासाठी गंधक आणि जैविक बुरशी, पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीसाठी व्हर्टिसिलियम ही कीड मारणारी बुरशी. थॉमसनला नेहमीची औषधं लागत असल्यामुळे फवारणीसाठी वेगळा पंप आणि वेगळी टाकी घेतली. वाइनच्या नऊही एकरांची सेंद्रिय प्रमाणीकरणासाठी नोंदणी झाली. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमानुसार बहुवर्षायू पिकाला तीन वर्षांचा रूपांतर काळ असतो, म्हणजे रसायनं सोडल्यापासून प्रमाणपत्र मिळेपर्यंतचा. 2019 च्या ऑक्टोबर छाटणीला त्यातलं तिसरं वर्ष चालू होतं.

अडचण

आपल्याकडे वेलीच्या दोन छाटण्या आणि एक पीक. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. फळ पोसायचं ते कोरड्या थंडीत, हा सगळा हिशोबच पाऊस वेळेवर जाण्यावर उभा आहे. 2019 मध्ये तो गेला नाही. अरबी समुद्रात आधी क्यार आणि मग महा अशी दोन चक्रीवादळं पाठोपाठ आली. दिवाळीच्या आधीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत नाशिक भिजत राहिलं.

शेनिनची छाटणी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झालेली, म्हणजे दिवाळीत ती बाग नेमकी फुलोऱ्यात. शिराझची छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे तिथे फूट तीन आठवड्यांची, कोवळी, घड नुकते बाहेर पडलेले. केवड्यासाठी दोन्ही अवस्था नाजूक. रात्रभर पान ओलं राहिलं की पानामागे पांढरी बुरशी उगवते, तिचे बीजाणू पावसाच्या थेंबांबरोबर उडतात आणि पोषक हवामानात चार-पाच दिवसांपासून आठवड्याभरात नवे तेलकट डाग दिसू लागतात. पाऊस थांबण्याची वाट बघायची तर तोवर दुसरी पिढी तयार.

बागेची अवस्थाही त्या वर्षी पावसाला सोयीची होती, आणि त्यातल्या तीन गोष्टी घरच्याच निर्णयांतून आलेल्या.

पहिली, पेस्टिंग नसल्यामुळे शिराझचे डोळे मागेपुढे फुटले होते. एकाच ओलांड्यावर, म्हणजे तारेवर आडव्या वळवलेल्या फांदीवर, काही फुटी हातभर आणि काही नुसत्या पोंग्यात. एरवी हे चालून जातं. पावसात मात्र नाजूक अवस्थेचे दिवस लांबतात, कारण बागेत कुठली ना कुठली फूट सतत कोवळीच असते.

दुसरी, ताग. ओळींमधला ताग कमरेच्या वर गेला होता आणि तो फुलावर यायच्या आत कापायचा राहिला होता. त्याने माती धरून ठेवली, चिखलातही ट्रॅक्टर वरच्या बागेत फिरू शकला, हा त्याचा फायदा. पण घडांच्या उंचीपर्यंत दमट हवा कोंडून ठेवली तीही त्यानेच.

तिसरी, वांझफुटी, म्हणजे घड नसलेल्या फुटी. पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या दिवाळीला गावी जातात, दरवर्षीच जातात. शेनिनच्या वांझफुटी काढायचं आणि घडांजवळची पानं विरळ करायचं काम अर्ध्यावर सोडून टोळी गेली. थोरल्या सूनबाईंना तारीख आठवडाभर आधी माहीत होती. त्या मला म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नाही. मला वाटलं, यांना ठाऊकच असेल."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 27 ऑक्टोबरला, धाकट्यांना शेनिनच्या खालच्या ओळींत पहिले तेलकट डाग दिसले. पाडव्याला शिराझमध्येही दिसले. तोवर दोन्ही बागांवर अर्धा टक्का बोर्डो मिश्रणाच्या (तांब्याचा क्षार असलेलं मोरचूद आणि चुना) दोन फवारण्या झालेल्या होत्या. पण बोर्डो वरून संरक्षण देतं. बुरशी एकदा पानात शिरली की त्याचा उपयोग नाही, आणि पावसाने धुऊन गेलं की पुन्हा मारावं लागतं.

समोर असलेले पर्याय

पाडव्याच्या रात्री घरात बैठक झाली. वहीत त्या रात्रीचं एक पान आहे, मुलीच्या अक्षरात. त्यावर चार पर्याय आहेत.

एक: नेमाला धरून राहायचं. फक्त तांबं आणि जैविक घटक, जे जाईल ते जाऊ द्यायचं. मुलीचा कल इकडे. तिचं म्हणणं, तिसऱ्या वर्षी नेम मोडला तर आधीची दोन वर्षं पाण्यात.

दोन: दोन्ही बागांवर डायमेथोमॉर्फसारखं आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणारं, औषध मारायचं, पीक वाचवायचं, प्रमाणीकरण सोडायचं. धाकट्यांचा आग्रह हाच. त्यांचं बोलणं वहीत नाही, पण तिघांनाही ते सारखंच आठवतं: "दादा, बाग मेली तर माती सुधारून काय करायचं?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. केवड्याने पानं गेली की केवळ यंदाचं पीक जात नाही, काडीतला अन्नसाठाही कमी होतो आणि वेल पुढच्या हंगामातही मागे राहते.

तीन: पोटॅशियम फॉस्फोनेट. पिकाला आणि माणसाला तुलनेने सौम्य, वेलीची प्रतिकारशक्ती वाढवणारं, केवड्यावर उपयोगी. पण युरोपात 2013 नंतर सेंद्रिय बागांत त्याला जागा राहिली नाही, आणि यांच्या प्रमाणीकरणातही ते बसत नव्हतं. म्हणजे प्रमाणपत्र जाणारच, आणि इतक्या पुढे गेलेल्या रोगावर एकटं फॉस्फोनेट पुरेल याचीही खात्री नाही.

चार: शेनिन सोडून द्यायची, पाऊस थांबल्यावर नोव्हेंबरच्या मध्यात पुन्हा छाटणी करायची. त्या वर्षी काहींनी हे केलं. पण मग काढणी एप्रिलकडे सरकते. त्या उन्हात शेनिनमधली आंबटाई उतरते, साखर चढते आणि पांढऱ्या वाइनसाठी तेच सगळ्यांत वाईट. शिवाय एप्रिलच्या छाटणीशी गाठ पडते. हा पर्याय लवकर बाद झाला.

चर्चा पर्याय एक आणि दोनमध्ये अडकली. रोग किती, पाऊस किती, औषध कुठलं याभोवतीच ती फिरत होती. मग अण्णांनी बागेबाहेरचा एक प्रश्न विचारला: "टाकीत गेल्या सालचा लाल माल किती पडलाय? आणि पांढरा किती?"

या प्रश्नाने बैठकीचा रोख बदलला. शिराझ मुरत ठेवतात, त्यामुळे मागच्या दोन काढण्यांचा माल टाक्यांत आणि पिंपांत होता. वर्षभराच्या विक्रीला तो सहज पुरणारा. शेनिन ताजी विकायची वाइन, तिचा साठा मार्चपर्यंत संपणार होता. म्हणजे शिराझ यंदा आली नाही तरी दुकानात शिराझ असणार. शेनिन आली नाही तर उन्हाळ्यात, ज्या दिवसांत थंड पांढरी वाइन खपते त्याच दिवसांत, त्यांच्याकडे विकायला पांढरी वाइन नसणार आणि बँकेचा हप्ता मात्र असणार.

करारावर द्राक्ष देणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रश्न पडूच शकत नाही. त्याचा माल त्या वर्षी गेला की गेला. स्वतःची वाइन करणाऱ्या घराला मागच्या वर्षांचा आधार असतो. शाश्वत शेतीच्या चर्चेत या आधाराला कोणी मोजत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. सरकारी मदतीवर ती पोकळी भरत नाही. त्या नोव्हेंबरात राज्यपालांनी फळबागांसाठी हेक्टरी 18,000 रुपये जाहीर केले, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. द्राक्षाच्या एका एकराच्या हंगामी खर्चापुढे ही रक्कम किती तोकडी, हे कुठल्याही बागायतदाराला सांगावं लागत नाही.

काय केलं

निर्णय बागेगणिक झाला. शेनिनवर आंतरप्रवाही औषध मारायचं आणि तिचं प्रमाणीकरण सोडायचं. शिराझ नेमाने सांभाळायची, नुकसान पत्करून.

भाऊबीजेला पहाटे धाकट्यांनी शेनिनमध्ये ट्रॅक्टर घातला आणि तो तिसऱ्या ओळीत रुतला. खालच्या काळ्या जमिनीत ताग नीट उगवलाच नव्हता, माती धरायला काही नव्हतं. मग पाठीवरच्या पंपाने घरच्याच माणसांनी दोन दिवसांत फवारणी उरकली. औषध राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारस यादीतलं. त्याचा काढणीपूर्व काळ, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं अंतर, बघून मुलीने काढणीची सर्वांत लवकरची तारीख त्याच दिवशी भिंतीवर लिहिली. दुसरी फवारणी आठवड्याने, वेगळ्या गटातल्या औषधाची, म्हणजे बुरशीला एकाच औषधाची सवय लागू नये.

ट्रॅक्टर बाहेर काढल्यावर त्याच दुपारी वरच्या बागेतला ताग कापला. थोरल्या सूनबाईंनी सुरगाण्याला फोन करून टोळीतल्या सहाजणींना भाऊबीजेनंतर लगेच परत आणलं, जादा रोजावर. त्यांनी शिराझच्या घडांजवळची पानं काढली, डाग पडलेली पानं पोत्यांत भरून बागेबाहेर नेली. मला हे काम फवारणीइतकंच महत्त्वाचं वाटतं. वारा खेळू लागला की पान लवकर सुकतं, आणि सुकलेल्या पानात केवड्याला शिरता येत नाही.

शिराझवर बोर्डो चालू राहिलं. पाऊस धुऊन नेई आणि धाकटे पुन्हा मारत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळ उघडलं, तेव्हा एकूण पाच फवारण्या झाल्या होत्या.

या पाच फवारण्यांचा हिशोब त्या वेळी कोणी केला नव्हता. तो नंतर, डिसेंबरात, मुलीने केला. अर्धा टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्यात अर्धा किलो मोरचूद. एकरी 400 लिटर पाणी धरलं तर 2 किलो मोरचूद. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं, म्हणजे एकरी अर्धा किलो, हेक्टरी सव्वा किलो. पाच फवारण्यांचं हेक्टरी सहा किलोंच्या वर. युरोपीय संघाने 2019 पासून तांब्याची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी 28 किलो ठेवली आहे, म्हणजे सरासरी वर्षाला 4 किलो. यांनी ती दीड महिन्यात ओलांडली होती. तांबं कुजत नाही आणि विघटनही पावत नाही, ते मातीच्या वरच्या थरात साठत जातं. ज्या गांडुळांसाठी हे सगळं सुरू केलं, त्यांना ते मानवत नाही.

म्हणजे ज्या बागेचं सेंद्रिय प्रमाणीकरण टिकलं, तिच्या मातीवर त्या वर्षी जास्त बोजा पडला. ज्या बागेचं गेलं, तिथे दोन बोर्डो आणि दोन आंतरप्रवाही फवारण्यांवर भागलं. मुलीने हे वहीत तसंच लिहून ठेवलं आहे, कुठलीही सफाई न देता. मला तिचं ते पान फार मोलाचं वाटतं.

निकाल

शेनिन पूर्ण वाचली नाही. फुलोऱ्यातल्या पावसाने जी गळ झाली ती कुठल्याच औषधाने थांबणारी नव्हती. तरी नेहमीच्या निम्म्याहून थोडा जास्त माल आला. शेनिनचा घड गच्च असतो, आत पाणी साठून मणी कुजतात, म्हणून फेब्रुवारीत काढणीच्या वेळी बायकांनी क्रेटमध्ये टाकण्याआधी प्रत्येक घड कात्रीने साफ केला. काढणीचा खर्च वाढला, पण वाइन स्वच्छ झाली.

शिराझचा एक तृतीयांश माल हाती लागला. कोरडी थंडी पडल्यावर त्यावर भुरी आली आणि गंधक मारावं लागलं. गंधकाची शेवटची फवारणी काढणीच्या बरीच आधी थांबवायची असते, नाहीतर ते रसात उतरतं आणि आंबवताना वाइनला कुजक्या अंड्यासारखा वास धरतो. धाकट्यांनी ती लवकर थांबवली, थोडी भुरी सोसली. वास आला नाही. माल थोडा असल्यामुळे मुलीने तो वेगळ्या लहान टाकीत आंबवला.

मार्च 2020 च्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागली. चाखण्याची खोली बंद, हॉटेलं बंद, दुकानं मे महिन्यापर्यंत बंद. शिराझ कमी आली याचा विक्रीला फटका बसलाच नाही, कारण विक्रीच नव्हती. उलट नव्या शिराझसाठीच्या टाक्या रिकाम्या राहिल्या म्हणून न विकलेल्या शेनिनला जागा झाली. हा योगायोग आहे आणि त्याचं श्रेय पाडव्याच्या निर्णयाला देता येत नाही. साधं वर्ष असतं तर पांढरी वाइन वेळेवर बाजारात असल्याचा फायदा दिसला असता. त्या वर्षी तो दिसला नाही, हप्ते बँकेने दिलेल्या मुदतवाढीवर निभावले.

वेलींचं म्हणाल तर शिराझला पुढची दोन वर्षं त्या केवड्याची आठवण राहिली. 2020 च्या एप्रिल छाटणीनंतर काड्या बारीक निघाल्या. धाकट्यांनी त्या वर्षी मुद्दाम एकरी घड कमी ठेवले.

वेगळं काय करता आलं असतं

पाऊस टळला नसता. पण चार ठिकाणी वाट वेगळी घेता आली असती.

ताग दसऱ्यापर्यंत कापून आडवा करायला हवा होता. आच्छादन म्हणून त्याचा उपयोग कायम राहिला असता आणि हवा खेळती राहिली असती. हे काम एका दिवसाचं आहे.

टोळीचं वेळापत्रक आधी बघून वांझफुटीचं काम तिच्याभोवती बसवायला हवं होतं. रसायन कमी केलं की हात जास्त लागतात आणि ते हात कुठल्या सणाला कुठे असतात हे ज्या बाईला ठाऊक, तिला बैठकीत जागा हवी. यांच्याकडे आता ती आहे. मजुरीही बदलली. घडांजवळची पानं काढायचं काम आधी एकरी उक्तं दिलं जायचं, त्यात घाई व्हायची. आता ते रोजंदारीवर असतं.

शेनिनला आंतरप्रवाही औषध द्यायचंच होतं तर ते डाग दिसण्याआधी, पहिला मोठा पाऊस अंदाजात आला तेव्हा द्यायला हवं होतं. दोन दिवस घरात वाद चालला आणि तेच दोन दिवस बुरशीला मिळाले. मूळ प्रश्न औषधाचा नव्हता. अशी वेळ आली तर काय करायचं, हे कोरड्या दिवसांत ठरलेलं नव्हतं.

आणि शेनिनची जागा. गच्च घडाची जात नाल्याकाठच्या भारी जमिनीत लावली ती करार करणाऱ्या वाइनरीच्या सांगण्यावरून. उपटून वर लावायची तर चार-पाच वर्षांचं उत्पन्न जातं. यावर अजून कोणाकडे सोपं उत्तर नाही. त्यांनी तिथे चर खोदून पाण्याचा निचरा सुधारला आणि ओलांड्याची उंची वाढवली, एवढंच सध्या हातात आहे.

टाळेबंदीच्या मे महिन्यात, खरड छाटणीनंतर, पाचही जणांनी बसून एक पान तयार केलं. ते फवारणीच्या खोलीच्या दारामागे लावलेलं आहे. त्यात कुठल्या बागेत काय चालेल, किती तांब्यानंतर थांबायचं आणि कोणाला विचारल्याशिवाय पंप चालू करायचा नाही, हे लिहिलं आहे. तांब्याची मर्यादा त्यांनी हेक्टरी 4 किलोच ठेवली. शिराझमध्ये ती संपली की उरलेलं पीक सोडायचं. शेनिन प्रमाणीकरणातून कायमची बाहेर काढली आहे आणि लेबलवर ते लपवलेलं नाही. शिराझची छाटणी आता दोन टप्प्यांत, पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने करतात, म्हणजे एकाच पावसात सगळी बाग एकाच नाजूक अवस्थेत सापडत नाही. आणि पानाच्या सुरुवातीला एक रकाना आहे जो मी दुसऱ्या कुठल्याही बागेच्या फवारणीपत्रकात पाहिलेला नाही: टाक्यांतला साठा, जातीनुसार, लिटरमध्ये. दर सप्टेंबरला, गोडी छाटणीआधी, मुलगी तो भरते.

26 नोव्हेंबर 2023 ला नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली. यांच्या थॉमसनचं आणि शेनिनच्या वरच्या ओळींचं नुकसान झालं. गारांवर त्या पानात काहीच नव्हतं. पण जखमा झालेल्या घडांवर लगेच काय मारायचं आणि शिराझला हात लावायचा की नाही, हे संध्याकाळपर्यंत ठरलं, कारण साठ्याचा रकाना भरलेला होता आणि पाचही जणांना तो पाठ होता.

एका मुद्द्यावर अजून मतभेद आहेत. धाकट्यांना फॉस्फोनेट शिराझच्या यादीत हवं आहे. त्यांचं म्हणणं, तांब्यापेक्षा ते मातीला बरं, मग प्रमाणपत्र नाही म्हणतं म्हणून आपणही नाही म्हणायचं का? मुलीचं म्हणणं, फॉस्फोनेटचा अंश वेलीत आणि वाइनमध्ये बराच काळ राहतो, आणि प्रमाणीकरणाच्या तपासणीत तो सापडला तर शिराझचीही तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. अण्णांनी सध्या शिराझच्या चार ओळी नोंदणीतून वगळून वेगळ्या काढल्या आहेत. त्यावर धाकट्यांनी त्यांच्या पद्धतीने करायचं आणि दोन्हीकडची माती दर एप्रिलला तपासायची, असं ठरलं आहे.